अक्षर आवळू नका, शिडशिडीत काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत पहिल्याच पानावर ‘खारुताईच्या घरी धम्माल’ ही गोष्ट होती. माझी नात दुसरीत आहे. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. तिने मथळा वाचला तो असा : ‘रवारुताईच्या घरी घम्माल’. आणि मान वर करून मला विचारलं, “आजी, रवारूताई कोण गं?”

मी तिला ‘चुकलीस’ म्हणाले नाही, कारण ती चुकली नव्हती. पुरवणी हातात घेतली तेव्हा दिसलं की ‘ख’मधल्या ‘र’ची शेपटी जिथे ‘व’ला टेकते तो सांधा इतका बारीक झाला होता की छपाईत उडूनच गेला. ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजली होती आणि शेजारच्या ‘घरी’तला ‘घ’ आणि हा ‘ध’ जुळे भाऊ झाले होते. मथळा चार कॉलमांत मावेना, म्हणून कुणीतरी संगणकावर तो दोन्ही बाजूंनी आवळला होता. पट्टी लावून मोजलं. शिरोरेषा साडेतीन मिलिमीटर जाड, काना जेमतेम सव्वादोन.

मी ३३ वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना मुली बसवल्या. त्या परीक्षांत भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन असतं. बहुतेक मुली भूमितीची तयारी करतात आणि अक्षरलेखन ‘येईल तसं’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे अक्षराकडे बघायची सवय लावणं हे माझं रोजचं काम होतं. हे पत्र त्या सवयीतून लिहिते आहे. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचावं ही विनंती.

आधी आवळलेल्या अक्षराचं नेमकं काय होतं ते सांगते. संगणकावर अक्षराची रुंदी सत्तर टक्के केली की त्यातलं जे जे उभं आहे त्याची जाडी सत्तर टक्केच उरते आणि जे आडवं आहे ते होतं तेवढंच जाड राहतं. आपल्या लिपीत आडवी असते शिरोरेषा, उभा असतो काना. म्हणजे वरची तुळई तशीच भरभक्कम आणि खालचे खांब मात्र वाळलेले. डोळ्याला ते घर पडेलसं वाटतं. ‘ण’, ‘ख’, ‘ष’ यांच्या पोटातली पांढरी जागा आधीच कमी, ती मिटते. ‘साताऱ्याला’ या शब्दातला पापणीसारखा ‘ऱ्’ टिंबाएवढा उरतो. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक करणारी ती लहानशी गाठ आणि फट आधी जाते. मोठी माणसं शब्द अंदाजाने वाचतात म्हणून त्यांना हे कळत नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाला अंदाज नसतो, त्याला अक्षरच लागतं.

याचा अर्थ अरुंद अक्षर वाईट असतं असा मुळीच नाही. मला सर्वांत आवडणारं अक्षर अरुंदच आहे. उभट, शिडशिडीत, हाताने काढलेलं, जरा खोडकर. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्याला ‘काटकुळं अक्षर’ म्हणत. नाना कराडात पाट्या रंगवायचे. १९५८ पासून १९९१ पर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. किराणा-भुसारची दुकानं, दवाखाने, ट्रकची कपाळं, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्या, जत्रेतले पाळणे, सगळं.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे गावची सोसायटी. ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी मर्यादित’ हे नाव. त्याच्या आधी गावाचं नाव, खाली तालुका, जिल्हा, नोंदणी क्रमांक, स्थापनेचं साल. आणि पत्रा सहा फूट लांब, दीड फूट उंच. त्यात चेअरमनची अट, गावाचं नाव रस्त्यावरून दिसलं पाहिजे. म्हणजे गावाच्या नावाने अर्धा पत्रा खाल्ला, आणि ते लांबलचक नाव उरलेल्या अर्ध्यात एका ओळीत बसवायचं. दोन ओळी केल्या तर खालचा मजकूर कुठे जाणार?

नाना पत्र्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. ते वाळले की निळीत बुडवलेली दोरी ताणून दोन रेघा उठवायचे, एक शिरोरेषेची, एक पायाची. दोरीचं एक टोक धरायला मी असायचे. मग ते खडूने घरं आखायचे. घरं सारखी नसत. ‘र’ला आणि कान्याला अर्धं घर. ‘व’, ‘न’, ‘त’ यांना एकेक. ‘ण’, ‘झ’, ‘ख’ यांना सव्वा. आणि ‘क’ची कटकट वेगळी. ‘कार्यकारी सहकारी’ एवढ्यात तीन ‘क’ आहेत आणि ‘क’ हा दोन्ही हात पसरून उभा राहणारा माणूस. गर्दीत तो शेजाऱ्याला ढकलणारच. नाना त्याचा उजवा हात कोपरात दुमडून खाली सोडायचे. पोट लांबट करायचे. ‘क’ अर्ध्या जागेत उभा राहायचा आणि तरी ‘क’च दिसायचा. ‘ल’च्या दोन पाकळ्या आडव्या पसरतात, त्या ते उभ्या करायचे, मिटलेल्या कळीसारख्या. ‘क्क’, ‘ट्ट’, ‘न्न’, ‘ल्ल’ ही जोडाक्षरं शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक चढवायचे. स्वतःच्या हाताने अक्षर काढणाऱ्याला ही सोय मिळते. संगणकावर दाबणाऱ्याला मिळत नाही, कारण तो अक्षर बदलत नाही, नुसतं चिरडतो.

ते मला सांगायचे, “अक्षर बारीक कर, ब्रश बारीक करू नको. जागा पोटातून काढ, हाडातून नको.” अर्ध्या इंची चपट्या ब्रशने काना ओढला तर रुंद अक्षरालाही तो अर्धा इंच आणि काटकुळ्यालाही अर्धाच इंच. फक्त कान्याकान्यांमधली हवा कमी व्हायची. पन्नास पावलांवरून पाटी बघितली की काळ्या-पांढऱ्याचा ठेका सारखा पडलेला दिसायचा, कुठे गठ्ठा नाही, कुठे भोक नाही.

आपल्या लिपीत अरुंद अक्षर काढणं रोमन लिपीपेक्षा अवघड आहे, हेही सांगायला हवं. आपलं अक्षर तीन मजली. मध्ये अक्षराचा देह, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. अक्षर उभट करायला मधला मजला उंच केला की वरचे भाडेकरू कोंडतात. नाना मात्रा जवळजवळ उभी करून घोड्याच्या आयाळीसारखी मागे टाकायचे. ‘सिं’सारख्या अक्षरात अनुस्वार वेलांटीच्या कमानीखाली नेऊन ठेवायचे. उकार शेजारच्या अक्षराच्या पायाशी मोकळी जागा असेल तिथे सरकवायचे. प्रत्येक शब्दाला नवा तोडगा. म्हणून या अक्षरात आपोआप एक खेळकरपणा येतो. जागा कमी असलेल्या एस.टी.त माणसं जशी एकमेकांना सांभाळून, कुणी कलून, कुणी पाय दुमडून बसतात, तशी ती अक्षरं.

आता ज्यासाठी मी आपल्यालाच लिहिते आहे, ते. नाना हे शिकले कुठे? कुठल्याही कलाशाळेत नाही. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. ते शिकले वर्तमानपत्रात. मुंबईची वर्तमानपत्रं कराडला यायची, त्यांत नाटकांच्या जाहिरातींचं पान असायचं. त्या जाहिराती बहुतेक एका कॉलमाच्या. जाहिरातीचे पैसे जागेवर लागतात, त्यामुळे निर्मात्याला कॉलम वाढवणं परवडत नसे आणि नाटकाचं नाव तर लांबून दिसलं पाहिजे. मग नाव हाताने काढलं जायचं, त्या चिंचोळ्या पट्टीसाठी खास. पौराणिक नाटकाचं अक्षर वेगळं, रहस्यनाटकाचं वेगळं, फार्साचं तर उड्या मारणारं. नाना रद्दीत जाण्याआधी ती नावं कात्रीने कापून घ्यायचे आणि खळ लावून एका जुन्या लांबट हिशेबाच्या वहीत चिकटवायचे. ती वही माझ्याजवळ आहे. त्यातली कितीतरी नावं अक्षरकार कमल शेडगे यांच्या हातची आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नानांना ते कळलंच नाही, त्यांच्यासाठी तो ‘पेपरातला पेंटर’ होता. जुलै २०२० मध्ये शेडगे गेल्याची बातमी आली तेव्हा टाळेबंदी होती, मी दोन दिवस ती वही पुढ्यात घेऊन बसले होते. कराडच्या पत्र्याच्या पाट्यांवरचा तो दुमडलेला ‘क’ मला त्या कात्रणांत सापडला. वर्तमानपत्राच्या एका कॉलमातून निघून तो ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या फळीवर पोहोचला होता.

म्हणजे अक्षराची शाळा आपलीच होती, संपादक महाशय. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी देवनागरी खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या ठशांची, संख्या कमी कशी करता येईल यावर स्वतः डोकं लावलं होतं, ते संपादक असून. खिळे जुळवणाऱ्या माणसाचे कष्ट आणि वाचणाऱ्याचे डोळे हे संपादकाच्या विचारात होते. मला वाटतं तो वारसा आपलाही आहे.

खेळकर अक्षर म्हणजे काय, हे मी वर्गात मुलींना एका उदाहरणाने सांगायची. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं. एकाला तिरकं करा, एकाला उचला, जमलं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. त्यांना नाचवायचं तर आधी रेषेला नाचवावं लागतं. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी जशी मध्ये जराशी झोळते तशी शिरोरेषा झोळू द्या, मग बघा अक्षरं कशी हलतात. किंवा रेषा मध्येच तोडा. नाना रसवंतीगृहाच्या फळीवर शिरोरेषा अजिबात न काढता नुसती उभी अक्षरं काढायचे, कान्यांना उसासारखी पेरं द्यायचे आणि रफार म्हणजे वरचं वाढं. फळी नऊ इंच रुंद, उभी. त्यावर एकाखाली एक अक्षरं. रस प्यायला थांबलेला माणूस आधी ती फळी बघून हसायचा.

आणखी एक गोष्ट असते. हाताने काढलेल्या शब्दात एकच अक्षर दोनदा आलं तर ती दोन कधी सारखी नसतात. ‘मामा’ शब्दातला दुसरा ‘म’ पहिल्याकडे बघून थोडा वेगळा होतो. संगणकावरच्या ‘हातवळणाच्या’ फाँटमध्ये दोन्ही ‘म’ ठशासारखे तंतोतंत आले की बिंग फुटतं. माझी भाची पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करते. ती सांगते की आता फाँटमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरून ठेवता येतात आणि ती आलटून पालटून आपोआप पडतात. म्हणजे यंत्राकडून ही खोडी करून घेता येते. फक्त ती दोन-तीन रूपं कुणीतरी बसून रेखाटली पाहिजेत.

त्याच भाचीने मला गेल्या दिवाळीत पुण्यातल्या एका खाण्याच्या ठिकाणी नेलं. भिंतीवर फळ्यासारखी पाटी. पदार्थांची इंग्रजी नावं उंच, सडपातळ, हाताने रेघोट्या ओढल्यासारख्या अक्षरांत. फार गोड दिसत होती. भाचीने सांगितलं, हे ‘अमॅटिक’. व्हर्नन ॲडम्स नावाच्या अक्षरकाराने काढलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला, बदलायला, वाढवायला मोकळं सोडलं. ते २०१६ साली वारले, पण अक्षर जगभर फिरतं आहे. त्यात हिब्रू लिपीही काढली गेली आहे. आणि त्या गोड इंग्रजीच्या खाली ‘थालीपीठ’, ‘मटकीची उसळ’, ‘कोथिंबीर वडी’ ही नावं होती, कुठल्यातरी धोपट फाँटात, दोन्ही बाजूंनी आवळून इंग्रजीच्या रुंदीला आणलेली. ‘थालीपीठ’मधला ‘थ’ ‘य’ वाटत होता. मला तिथे बसवेना. हिब्रूला शिडशिडीत हसरं अक्षर मिळालं, आणि पुण्यात, मराठी पदार्थाला, मिळू नये?

देवनागरीत चांगलं काम होत नाही असं मी म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत झालेलं काम बघून नाना हरखले असते. सुलेखनकार र. कृ. जोशींचा ‘मंगल’ फाँट घरोघरीच्या संगणकांवर गेला. फाँट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मोदक’ काढला, इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात पांढऱ्याची नुसती चीर उरते, आणि तरीही वाचता येतो. त्यांच्याच ‘अनेक’मध्ये (२०२२) आपल्याला हवं ते आहे : अरुंद रूप वेगळं रेखाटलेलं. रुंद ते अरुंद अशी सरकपट्टी आहे आणि ती सरकवली तरी कान्याची जाडी मरत नाही, कारण दोन्ही टोकं माणसाने काढलेली आहेत. ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे ‘खंड’ आणि ‘तेको’ हेही अरुंदच, पण शिस्तीचे, कवायतीला उभे राहिल्यासारखे. खेळाच्या पानाला, निवडणुकीच्या आकड्यांना शोभतात. ‘रंगा’ नावाचं एक मोकळं, जिवंत अक्षर आहे. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेलं ‘यात्रा’ आहे. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी तर रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरं काढून घेऊन ती संगणकात नेण्याचं कामच उभं केलं. यांतली बरीचशी अक्षरं विनामूल्य मिळतात. मग आवळायची वेळ का यावी?

तरीही माझ्या नातीच्या पुरवणीला जे हवं, म्हणजे अरुंदही, खेळकरही, हातचंही आणि ‘ख’, ‘ध’, ‘भ’ यांत तसूभर घोटाळा न करणारंही, असं अक्षर शोधायला गेलं की हाताची बोटंही जास्त होतात. त्याचं कारण मला समजतं. इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं काढली की निम्मं काम होतं. आपल्याला स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, लांबी-उंची बदलणाऱ्या वेलांट्या असे शेकड्यांनी आकार काढावे लागतात. त्यात मराठीचे आपले वेगळे : पाकळीचा ‘ल’, देठाचा ‘श’, जे शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवताना मराठीचे म्हणून घेतले, आणि तो पापणीचा ‘ऱ्’. एकट्या हौशी मुलाला किंवा मुलीला हे वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. कुणीतरी पाठीशी उभं राहिलं तरच होतं.

आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका कांदा-लसूण मसाला करतात. पाकिटावरची चिठ्ठी सहा सेंटिमीटर रुंद, अकरा उंच. फ्लेक्सच्या दुकानात टाईप करून आणलेली पहिली चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा ‘कांदा लसूण’ एका ओळीत चेपलेलं होतं आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटून गेला होता. मी ती परत करून स्वतः काढायला बसले. तीन ओळी केल्या, तिन्ही काठोकाठ. ‘कांदा’चा ‘क’ नानांचा, हात दुमडलेला. ‘लसूण’मधला दीर्घ उकार मी लसणीच्या मुळ्यांसारखा खाली सोडला आणि ‘ण’चे दोन काने जरा बाहेर कलते ठेवले, पाकळ्या सुटतात तसे. ‘मसाला’तले दोन काने उंचीला थोडे कमी-जास्त. तीन दिवस लागले. साताऱ्याच्या प्रदर्शनात मी मुद्दाम टेबलापासून लांब उभी राहून बघितलं, लोक दहा फुटांवरून नाव वाचून वळत होते. त्याच गटाने आता शेवया, कुरडया, सांडगे यांच्या चिठ्ठ्या मागितल्या आहेत. ‘शेवया’ हा शब्द तर अशा अक्षरासाठीच जन्मला आहे.

अशा जागा आपल्याकडे किती आहेत! स्नेहसंमेलनाचा पडदा, बारशाची पत्रिका, जाड कादंबरीच्या पाठीवर आडवं लिहायचं नाव, बागेतल्या झाडांच्या पाट्या, मुलांच्या खेळण्यांची खोकी, दिवाळी अंकातल्या विनोदी कथेचं शीर्षक. आणि ते जिथे चालणार नाही त्या जागाही मला माहीत आहेत. एस.टी.चं वेळापत्रक, औषधाची बाटली, प्रश्नपत्रिका, बातमीचा मजकूर इथे ते नको. अपघाताच्या किंवा निधनाच्या बातमीवर तर कधीच नको, मथळा कितीही लांब असो. लहान आकारात हे अक्षर किडमिडं होतं. त्याला बोटभर तरी उंची द्यावी लागते. तेवढी जागा नसेल तर साधं, रुंद, सरळ अक्षर घ्यावं.

आता माझं मागणं. मथळा बसत नसेल तर आवळण्याआधी तो लहान करून बघावा. ‘खारुताईची धम्माल’ एवढं पुरलं असतं, आणि गोष्टीचं नाव म्हणून ते अधिक छान आहे. उपसंपादकांना हे मी सांगायला नको, पण त्या दिवशी ते राहून गेलं. दुसरं, बालपुरवणीतल्या मुख्य गोष्टीचं शीर्षक दर रविवारी हाताने काढून घ्यावं. महाराष्ट्रात कलामहाविद्यालयं आहेत, त्यांत उपयोजित कलेचे विद्यार्थी आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन, शीर्षकाखाली लहान अक्षरांत त्यांचं नाव छापून हे काम द्यावं. नानांच्या ‘पेपरातल्या पेंटर’ला निदान आताच्या मुलांनी तरी नावाने ओळखावं. आणि या शीर्षकांतून वर्षभरात जी अक्षरं जमतील ती एखाद्या जाणत्या अक्षरकाराकडे सोपवून त्यांचा एक पुरा फाँट करून घ्यावा, मराठीच्या सगळ्या जोडाक्षरांसह, आणि तो ‘अमॅटिक’सारखा सर्वांना मोकळा द्यावा. मग आमच्या बचत गटाला, शाळांना, त्या पुण्यातल्या थालीपिठालाही तो मिळेल. आपल्यासारख्या दैनिकाला हा खर्च जड नसावा.

तोवर सुरुवातीला उपयोगी पडावं म्हणून या पत्रासोबत पाच ग्राफ पेपर जोडले आहेत. नानांच्या वहीच्या शेवटी त्यांनी स्वतःची काटकुळी वर्णमाला काढून ठेवली होती, ती मी चौकटी मोजून जशीच्या तशी उतरवली आहे. प्रत्येक अक्षराची उंची दहा चौकटी, कान्याची जाडी सर्वत्र दीड. ‘ख’चा सांधा मुद्दाम ठळक आहे, तो नानांचाच तसा आहे, मी वाढवलेला नाही. ‘ध’ची फट दोन चौकटींची आहे, ती कृपया कमी करू नये. मी वर्गात मुलींना ‘महाबळेश्वर’ हा शब्द आधी बारा सेंटिमीटरमध्ये आणि मग पेन न बदलता सात सेंटिमीटरमध्ये लिहायला लावायची, तो नमुना शेवटच्या कागदावर दोन्ही मापांत आहे.

एक अडचण आहे. २०१९च्या पुरात वहीची शेवटची पानं भिजली. ‘ह’ वाचता येतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ पुसट का होईना दिसतात, पण ‘ळ’ पूर्ण धुऊन गेला आहे. त्याची दोन वेटोळी शेजारी शेजारी न ठेवता नाना कशी मांडायचे ते मी आठवून बघितलं, कराडातल्या उरलेल्या दोन जुन्या पाट्याही जाऊन पाहिल्या, त्यांत नेमका ‘ळ’ नाही. कागदावरचा ‘ळ’ माझ्या हातचा आहे, म्हणून तो पेन्सिलीने काढला आहे. कराड, पाटण, मलकापूर भागातल्या आपल्या कुणा वाचकाच्या दुकानावर, ट्रॉलीवर किंवा अडगळीतल्या पत्र्यावर ३०-४० वर्षांपूर्वीचा असा काटकुळा ‘ळ’ असेल, तर त्याचा फोटो आपल्या कार्यालयाकडे पाठवावा आणि आपण तो माझ्यापर्यंत पोहोचवावा. मी कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवीन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
कराड, जि. सातारा